गंगू धवलेरीची पीडीएफ

सुवर्णा भिवंडीत, टेमघरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. वय चाळिशीच्या पुढे, बोलणं कमी, काम चोख. लूमवरचे कामगार, गोदामातली पोरं, सगळे तिच्यापुढे मोबाईल धरतात. "भाभी, इसका पीडीएफ बना दो." "ताई, हे वर्डमध्ये पाहिजे." ती वेबसाइटचं पान उघडते, कडेच्या जाहिराती उडवते, समास नीट लावते आणि फाइल देते. इंटरनेटवरचं आज आहे, उद्या नाही. पीडीएफ केलं की ते आपलं झालं, असं वर ऐकवते. मी तिची जुनी गिऱ्हाईक. मला कुणाचा उपदेश सहन होत नाही. तिचा व्हायचा.

तिची आई गंगू, अंबाडीच्या पुढे डोंगराकडच्या एका पाड्यावर धवलेरी होती. त्यांच्या समाजात लग्न भटजी नाही, धवलेरी लावते. तिने मांडवात धवले गायले की लग्न लागलं. ही गाणी शिकायची तीही मांडवात, धवलेरीच्या मागे बसून. सुवर्णा शिक्षणासाठी भिवंडीत आली आणि तिचं ते बसणं राहून गेलं. पुढे गंगू वारली. त्याआधी एका संस्थेने तिचा आवाज रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवला होता. एकेका धवल्याचं एकेक पान: वर गंगूचा फोटो, मध्ये वाजवायचं बटण, खाली शब्द.

गेल्या वर्षी संस्थेने ती वेबसाइट बंद करायचं ठरवलं. सुवर्णाने दुकानातलं काम बाजूला सारून सगळ्या पानांची पीडीएफ केली. आईचा फोटो कुठे कापला जाऊ नये म्हणून काही पानं पुन्हा पुन्हा केली.

मी म्हटलं, "एकदा ऐकव तरी मला."

"नाही बाई. मांडव नसताना धवला वाजवायचा न्हाय. आई रागवायची. प्राजक्ताच्या लग्नात ऐका."

प्राजक्ता तिच्या भावाची, भरतची मुलगी. भरत लग्नाला शेजारच्या पाड्यावरची धवलेरी सांगणार होता. सुवर्णाने सांगू दिली नाही. "आईच्या आवाजात लगीन लागंल," म्हणाली. घरात दुसऱ्या कुणाला बोलायची सोय ठेवली नाही.

लग्नाला मी गेले होते. मांडव भरला, नवरानवरी पाटावर बसली. सुवर्णाने मोबाईल डीजेवाल्याच्या स्पीकरला जोडून दिला, फाइल उघडली, बटणावर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बायका पदर सावरून ऐकायला बसलेल्या.

डीजेवाल्याने वाकून पाहिलं. "दीदी, ये तो पीडीएफ है. बटन का फोटो आया है, आवाज नहीं आया."

कुणीतरी वेबसाइट शोधली. ती केव्हाच गेली होती. संस्थेचा फोन लागला. रेकॉर्डिंग असलेला कॉम्प्युटर त्यांनी मोडीत काढला होता.

"त्या धवलेरीला बोलाव," मी भरतला म्हटलं.

"ती पडघ्याला दुसऱ्या लग्नात हाय, बाई. तवाच सांगत व्हतो ना हिला!"

सुवर्णाने मोबाईल हातात घेतला आणि खालचे शब्द वाचायला लागली. शब्द सगळे होते, एक गळला नव्हता. पण ते बसस्टँडवरच्या सूचनांसारखे येत होते. नवरी मान खाली घालून बसली होती.

गंगूच्या बरोबरीची तुळजा म्हातारी पुढे सरकली. "वाचतेस काय गं? चालीवर म्हन. आवशीचा ऐकलास ना ल्हानपनी?"

सुवर्णाने एक ओळ म्हटली. थांबली. तीच वेगळ्या चालीत म्हटली. मग म्हातारीकडे वळली.

"मावशे, असाच होता ना?"

तुळजाने ती ओळ स्वतःशी पुटपुटून पाहिली.

"आसंल," ती म्हणाली. "म्हन पुढं. पोरी ताटकळल्यात."

सुवर्णा पुढे म्हणत गेली.