ओढ्यापलीकडची घरं

तेव्हा जालना जिल्हा वेगळा झाला नव्हता. तीर्थपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मी मास्तर होतो. मधोमध पेठ, निजामाच्या अमलातली जुनी कचेरी, पूर्वेला ओढा, बाजाराला येणारी भोवतालची खेडी. गावाची सगळी माहिती तोंडपाठ असल्याचा मला गर्व होता. एकाहत्तरची जनगणना आली तेव्हा अर्धं गाव माझ्याकडे दिलं.

ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती. तिथं मी गेलोच नाही. ऊन फार आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आमच्या घरातलं कुणी कधी तिकडं जात नसे. पोलीस पाटलांच्या ओसरीवर बसून ते सांगतील ती नावं उतरवली, वयं अंदाजानं टाकली. धर्माच्या रकान्याशी थांबलो तर ते म्हणाले, "हिंदू लिवा. पयल्यापासून हाय तेच."

मी लिहिलं.

पुढं घरोघर जाऊन पडताळणी करायचा हुकूम निघाला, तेव्हा जावंच लागलं. पहिल्याच घरी एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. तिनं सुनेला घोंगडी टाकायला सांगितली. मी उभाच राहिलो.

"आमचं काय लिवलं, वाचा बरं गुरुजी."

मी नावं वाचली. धर्मापाशी आलो. कागदावर 'हिंदू' दिसत असताना म्हणालो, "बौद्ध."

"बराबर," म्हातारी म्हणाली.

सून सातवी शिकलेली. ती माझ्या बाजूला येऊन कागद बघत होती. हळूच म्हणाली, "गुरुजी, तिथं तर हिंदू लिवलंय. चुकून झालं असंल."

म्हातारीचं सूप थांबलं. "आमच्या मालकानं घरातले देव काढले, तव्हा वरीसभर कुणी कामाला लावलं न्हाई. मंग तुमाला कुणी सांगितलं आमी हिंदू म्हणून?"

पाटलांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. "चुकलंच," म्हणालो आणि तिच्यासमोर खोडून बौद्ध लिहिलं.

बाकीच्या घरांत मी नुसती माणसं मोजली. धर्म कुणालाच विचारला नाही. इतकी खाडाखोड दिसली तर वरचे साहेब जाब विचारतील, ही भीती होती. ते कागद तसेच जमा केले.

जूनमध्ये ती सून लेकीचं नाव घालायला शाळेत आली. अर्जात धर्म मी न विचारताच 'बौद्ध' असा ठळक अक्षरांत लिहिला. जाता जाता तिनं विचारलं, "गुरुजी, तव्हा समद्या वस्तीचं नीट केलं न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"लई बरं झालं," म्हणून तिनं हात जोडले. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. दोन वर्षांनी बदनापूरकडे बदली मागून घेतली. घरी कारण सांगितलं, स्टेशन जवळ पडतं.