उंबऱ्याबाहेरून केलेली तपासणी

पितृपक्षात काशीची सकाळ लवकर जागी होते, पण पूर्ण जागी होत नाही. गंगा बरीच वर आलेली असते. होडीवाल्यांच्या हाका, घंटा, पिंडदानाचे मंत्र ओलसर हवेत एकमेकांत मिसळतात आणि ब्रह्मा घाटाच्या उरलेल्या पायऱ्या चढताना आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत, ते कळत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी वडिलांच्या श्राद्धासाठी बुडी मारून, ओलेत्याने, हातात पाण्याचा तांब्या घेऊन घरी निघालो होतो. तेव्हा मी बालविकास खात्यात अधिकारी होतो. त्या दिवशी रजा होती, पण एका अंगणवाडीची तपासणी राहिली होती आणि अहवाल त्याच दिवशी जायला हवा होता. अंगणवाडी आमच्याच गल्लीत. रोजच्या वाटेवरची, म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. जाता जाता पाहून घेऊ, असं ठरवलं.

सोवळ्यात होतो, म्हणून गल्लीभर "बचके, बचके" म्हणत आलो. अंगणवाडीची बाहेरची खोली रिकामी होती. सतरंजी, भिंतीवर रंगवलेला पोपट, आणि ओळीने मांडलेल्या इवल्या चपला. आतल्या खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा. सेविका लगबगीने पुढे आली.

"दूर से, दूर से," मी म्हणालो.

ती हसून मागे सरली. "हम नहीं छुएँगे, साहब. सब भीतर सोये हैं, आकर झाँक लीजिए. पर उनका भरोसा नहीं. जो जागा, सो लिपटेगा."

"इस समय सोये हैं?"

"पितरपख है न साहब. माँएँ अँधेरे में ही बर्तन माँजने निकल जाती हैं. पाँच बजे से यहीं हैं सब."

नियमाप्रमाणे अंगणवाडी बरीच उशिरा उघडायची. पहाटेपासूनच्या त्या तासांची नोंद करायला कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आत गेलो असतो आणि एखादं मूल बिलगलं असतं, तर पुन्हा गंगेवर जावं लागलं असतं. गुरुजी घरी येऊन बसले होते. मी वळलो.

संध्याकाळी कपडे बदलून अहवाल लिहिला. 'प्रत्यक्ष पाहिलेली मुले: शून्य.' नियमाला धरूनच होतं ते. मी पाहिली नव्हती.

महिन्याभरात सेविकेला कामावरून काढलं. रिकामी अंगणवाडी चालवते, हा ठपका. अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या अंगणवाडीला जोडली. पुढे एकदा आमच्या अंगणात नळाशी एक चिमुरडी भिंतीला टेकून झोपलेली दिसली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी.

"ही इथे कशी?" मी बायकोला विचारलं.

"मग कुठे ठेवणार?" ती म्हणाली. "तुमची अंगणवाडी बंद झाली ना. आपल्याकडच्या श्राद्धाच्या दिवशी ही बाई पहाटेपासून इथे राबत होती, तेव्हा पोर तिथेच होती."

निवृत्त होईपर्यंत मी त्या अहवालाबद्दल कुणाशी बोललो नाही, नंतरही नाही. झोपेत मात्र तो साडीचा पडदा दिसायचा. वाऱ्याने फुगायचा, ओसरायचा, आणि मागे पाणी असल्यासारखं वाटायचं. आज लिहितो आहे ते यासाठी की मला त्या दिवशी माहीत होतं. पडद्यामागून मुलांचे श्वास ऐकू येत होते. एक मूल झोपेत हसलंही होतं. शून्य लिहिताना ते हसू माझ्या कानात होतं.

गेल्या महिन्यात कळलं की शहरातल्या अंगणवाडीच्या बायका कचेरीसमोर धरणं धरणार आहेत. कायम नोकरी, निवृत्तिवेतन, आणि पहाटेपासून मुलं सांभाळायला जास्तीचं माणूस, या त्यांच्या मागण्या. मी त्या सेविकेच्या घरी गेलो. केस पांढरे झालेले. दारात शेजाऱ्यांची तीन मुलं खेळत होती. अजूनही सांभाळते, कुणी न नेमता.

"का बाबूजी, आज छूने से डर नहीं लग रहा?" तिने ओळखलं होतं.

मी सगळं सांगितलं, नळाशी झोपलेल्या पोरीपर्यंत. श्वास ऐकले होते, तेही सांगितलं.

"हम तो बीस बरस सोचते रहे कि साहब ने सुना नहीं होगा," ती म्हणाली. "यही सोचकर माफ किये थे."

मी लिहून आणलेला कागद वाचून दाखवला: ठपका खोटा आहे, दोष माझा आहे, तिची सेवा पुन्हा ग्राह्य धरावी.

"इतना ही?" ती म्हणाली. "पाँच बजे वाली बात कहाँ है? वो भी लिखिए. लिखिए कि सरकार ने उन घंटों के लिए कभी कोई नहीं रखा, हम अपने मन से रखते थे. हमारा नाम साफ हो जाए और बच्चे नल के पास सोते रहें, तो का फायदा?"

तिथेच ओट्यावर बसून मी कागद पुन्हा लिहिला. ती शब्द सांगत गेली, मी अधिकाऱ्याच्या भाषेत बसवत गेलो. दोनदा तिने खोडायला लावलं. "ई समझ में नहीं आया," म्हणून.

धरण्याच्या दिवशी बायकांच्या मागण्यांच्या निवेदनाला तो कागद जोडला. तिने मला माइकसमोर उभं केलं. खाली रंगीबेरंगी पदर उन्हात हलत होते. मी माझा हुद्दा सांगितला आणि माझ्याच अहवालाविरुद्ध साक्ष दिली. कुणीतरी ओरडलं, "अब याद आया, बाबूजी?" मी "हो" म्हणालो आणि वाचत राहिलो.

कचेरीने निवेदन ठेवून घेतलं आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी विचारायला आम्ही दोघं जाणार आहोत. तिने बजावलंय, बोलायचं तिने, मी फक्त हजर राहायचं.