पाच रंगांखालची गाडी

जुनी मोटारसायकल दुरुस्तीला काढली, की गाडी जागची हलायच्या आधीच किस्से जमायला लागतात. आमच्याकडे दीड वर्षात इतके जमले, की हल्ली स्टाफरूममध्ये कुणी "काय म्हणते गाडी?" असं विचारलं, तर पुढचा तास ऑफ आहे का, हे मी आधी विचारून घेतो.

गाडी फ्रान्सिसच्या वडिलांची. फ्रान्सिस आमच्या शाळेत गणित शिकवतो, मी चित्रकला. त्याचे वडील पेद्रूबाबा या शंभर सीसीच्या गाडीवरून निर्मळहून फुलांच्या टोपल्या वसई स्टेशनला पोचवायचे. नंतर वीसेक वर्षं ती वाडीतल्या शेडमध्ये पडून होती. मग बाबांची नजर अधू व्हायला लागली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, अजून दोनेक वर्षं दिसेल. फ्रान्सिस मला एवढंच म्हणाला, "त्याच्या आत गाडी रस्त्यावर आली पाहिजे."

*

पहिल्या रविवारी आम्ही टेम्पो घेऊन गेलो, तर गाडीच्या सीटवर कोंबडी बसलेली. उंदरांनी फोम कुरतडून मधोमध छान खळगा केला होता, त्यात तिने अंडी घातली होती.

फ्रान्सिसची बायको रीटा दारातूनच म्हणाली, "तिला उठवायचं नाही."

"किती दिवस?"

"एकवीस. आज चौथा आहे."

टेम्पो रिकामा परत गेला. नऊ पिल्लं बाहेर आली, मग गाडी बाहेर आली.

*

गाडी गेली गोखिवऱ्याला, सदाभाऊंच्या गॅरेजमध्ये. सदाभाऊ मूळचे कणकवलीचे, बोलणं मोजकं. पेट्रोलची टाकी आतून पार गंजलेली होती. गंज काढायचा तर आत खडी आणि डिझेल घालून टाकी तासन्‌तास हलवावी लागते. सदाभाऊंचा खांदा दुखत होता. शेजारी बिल्डिंगचं काम चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टाकी गोणपाटात गुंडाळली आणि काँक्रीटच्या मिक्सरमध्ये बांधून मिक्सर चालू केला.

सुपरवायझर धावत आला. आत वाकून बघितलं. आम्हाला वाटलं, आता पोलीस येणार.

"कितना टाइम लगता है?" त्याने विचारलं.

"दो घंटा," सदाभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या मोटारसायकलची टाकी काखेत घेऊन गॅरेजच्या दारात उभा होता.

*

कागदपत्रांसाठी चॅसी नंबर हवा होता आणि तो रंगाखाली गेला होता. सदाभाऊ पॉलिशपेपरने घासायला बसले. पेद्रूबाबा खुर्चीवर होते. प्रत्येक थर निघाला की ते नाक टेकेपर्यंत वाकून बघायचे.

"निळा. हा खिडक्यांचा, मोठीच्या लग्नातला."

पुढे हिरवा निघाला. "पंपाच्या खोलीचा."

मग करडा. "मेव्हण्याच्या होडीचा."

मग पिवळा. तो कशाचा, ते त्यांना आठवेना. पाचवा थर लालसर निघाला. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. "हा कंपनीचा."

त्याच्याखाली नंबर होता.

सदाभाऊ म्हणाले, "कंपनीने एकदा रंगवली, तुम्ही चारदा."

"रंग उरायचा घरात," बाबा म्हणाले.

*

नंबर मिळाला, तर नाव अडलं. गाडीच्या पुस्तकावर पेद्रू, आधार कार्डावर पीटर. आरटीओच्या खिडकीतल्या क्लार्कबाई म्हणाल्या, "ही दोन माणसं एकच आहेत, हे दाखवा."

फ्रान्सिस चर्चमध्ये गेला. फादरांनी जुनं रजिस्टर काढून बाप्तिस्म्याचा दाखला लिहून दिला. तो क्लार्कबाईंच्या हातात ठेवला. त्यावर नाव होतं पेद्रो.

बाईंनी तिन्ही कागद शेजारीशेजारी मांडले. "सर, आता तिसरा माणूस आला."

शेवटी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की आम्ही तिघेही मीच आहे. बाबांनी सही केली, ती चौथीच काहीतरी होती.

*

गाडी रस्त्यावर आली तोवर दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता. बाबांना आता फक्त उजेड आणि सावली कळत होती. फ्रान्सिसने बाबांना हेल्मेट घातलं, मागे बसवलं आणि किक मारली. मी स्कूटरवर त्यांच्या मागे निघालो.

बाबा मागून रस्ता सांगत होते, फुलं घेऊन स्टेशनला जायचे तोच. एका वळणावर म्हणाले, "चिंच आली, मान खाली घाल." ती चिंच रस्ता रुंद करताना कधीच तोडली होती. तरी समोर दोन्ही हेल्मेटं एकदम खाली गेलेली मला दिसली.

होळी गावात भाजीच्या एका वाडीपाशी बाबा म्हणाले, "थांब. इंजिन बंद करू नको. दोनदा हॉर्न मार."

फ्रान्सिसने मारला. आतून पंचाहत्तरीच्या एक बाई आल्या, हात मातीने भरलेले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मला वाटलं, विसरलास," त्या म्हणाल्या.

आत गेल्या आणि केळीच्या पानाची एक पुडी घेऊन आल्या. ती त्यांनी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती नाकाशी धरली, मग जपून शर्टाच्या खिशात ठेवली.

थोडं पुढे गेल्यावर फ्रान्सिसने विचारलं, "बाबा, कोण होत्या त्या?"

"पुढे बघून चालव," बाबा म्हणाले.