मशीनच्या नावावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. रायपूरच्या आमच्या भागात मला सगळे ओळखतात, आणि ओळखणारे सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. तेच सहन होत नाही आता.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. मी लोकांच्या लांब व्हिडिओंचे छोटे तुकडे करते — मोबाईलवर अंगठ्याने सरकवत पाहतो ना आपण, ते. डॉक्टरांचं भाषण, कोचिंगच्या सरांचा क्लास, कुणाचं प्रवचन. पूर्वी हे सगळं हाताने करायची, शब्द न् शब्द ऐकून. आता एआय आहे. त्यात लांब व्हिडिओ टाकायचा. ते बोलणं लिहून काढतं, लोक थांबून ऐकतील असे भाग शोधतं, उभ्या चौकटीत कापतं, खाली अक्षरं टाकतं. प्रत्येक तुकड्याला गुणही देतं — हा किती चालेल, त्याचा अंदाज. चहा होईपर्यंत दहा-बारा तुकडे तयार. मी फक्त एकदा पाहायचं.

फक्त पाहायचं. असं मी लोकांना सांगते.

आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, की जुन्या माणसांच्या आठवणी कॅमेऱ्यात धरून ठेवायच्या. कुणाचं घराणं इथे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासून इथलंच झालेलं, कुणाचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी आलेले. घरातली पोरं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. निदान रेकॉर्ड तरी राहील, असा विचार. काम माझ्याकडे आलं. दोन-तीन जणांच्या आठवणी चॅनेलवर टाकल्या. पाहिल्या कुणी? ज्याच्या त्याच्या घरच्यांनी. तेही अर्ध्यावर सोडून.

मग आल्या सुमनकाकू. माझ्या आईच्या मैत्रीण, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मला कॅमेरा शिकायचा होता तेव्हा बाबा तयार नव्हते — आपल्या मुलीने लग्नांचे व्हिडिओ काढत फिरायचं? काकू घरी येऊन बाबांना म्हणाल्या होत्या, "पोट्टी शिकून राहिली तर शिकू द्या ना. तुम्ही काहून आडवे येता?" बाबांना त्यांच्यापुढे हो म्हणावं लागलं. म्हणजे आज जे काही चार लोक मला विचारतात, त्यात काकूंचाही हात आहे. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

काकूंनी रेकॉर्डिंगसाठी दुपारची वेळ मागितली. सून घरी नसते ती वेळ. सून म्हणजे रामेश्वरी — अभनपूरची, छत्तीसगढी घरातली मुलगी, नवा रायपूरला सरकारी ऑफिसात काम करते. काकूंच्या प्रशांतने तिच्याशी प्रेमाने लग्न केलं, तेव्हा काकूंनी घर डोक्यावर घेतलं होतं. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

दोन तास त्या बोलल्या. शाळा, नोकरी, काकांचं जाणं. आणि मग, मी काही न विचारता —

"प्रशांतनं हिले आणलं तवा मी मनाशी ठरवलं होतं, ही आपली नाही. वर्षभर मी तिच्या हातचं पाणी नाही पेली. लोकायले सांगत होती, गावची पोट्टी आहे, तिले आपल्यातलं काय समजते."

इथे त्या थांबल्या. खूप वेळ थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं संपलं, मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला. तेव्हा बोलल्या —

"मग मी न्हाणीत पडली. कंबर गेली. तवा माहं सगळं हिनंच केलं. सगळं — समजून घे तू. वर तोंडातून एक शब्द नाही काढला. चूक माही होती. तिची माफी मागाची राहून गेली. आज मागून राहिली."

कॅमेरा बंद झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ती पाहीन ना हे? तोंडावर नाही जमत मले."

मी म्हटलं, पाहील काकू. नक्की पाहील.

तिने पाहिलं. पण काय पाहिलं? चॅनेलवर अख्खा व्हिडिओ यायच्या आधी त्याचे तुकडे टाकायचे, म्हणजे लोकांना उत्सुकता राहते, असं ठरलं होतं. तुकडे टाकले. त्यातला एक व्हायरल झाला. त्यात काकू एवढंच म्हणत होत्या, की सुनेच्या हातचं पाणी मी वर्षभर प्यायले नाही आणि गावच्या पोट्टीला काय समजतं. तिथेच संपत होता तो. खाली हिंदी अक्षरं, म्हणजे मराठी न कळणाऱ्यालाही कळावं. दुसऱ्यांच्या पेजेसनी उचलला, त्यावर आपापले शेरे लिहिले. आमच्याच राज्यात येऊन आमच्याच मुलीला असं वागवतात — लोक चिडले. का चिडू नयेत? त्यांनी ऐकलं त्यावर कुणीही चिडलं असतं.

रामेश्वरीला तो तुकडा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकीने दाखवला. "ये तुम्हारी सास हैं न?" असं विचारून. दुसरीच्या मोबाईलवर, चार जणींच्या मध्ये बसून तिने तो पाहिला. घरी आली, आपल्या लहान मुलीचे चार कपडे भरले आणि तिला घेऊन अभनपूरला माहेरी निघून गेली. भांडली नाही. काकूंना वाटलं, माहेरी कुणाचं दुखलंखुपलं असेल. उरला औद्योगिक वसाहतीतल्या फॅक्टरीतून प्रशांत आला, त्याने मोबाईल समोर धरला, तेव्हा त्यांना कळलं.

प्रशांत तसाच माझ्याकडे आला. शिफ्टची धूळ अंगावर, डोळे लाल. दारातूनच म्हणाला, "दीदी, आई सच में इतनाच बोली क्या?"

आणि मी — एक क्षणही न थांबता — म्हटलं, "नाही रे. पुढे माफी मागितली त्यांनी. ते एआयनं कापलं. त्याले आपली मराठी कुठे समजते?"

किती सहज निघालं ते तोंडातून. आणि पटण्यासारखंही होतं. 'मले'चं मशीन 'मळे' लिहायचं, 'माहं'चं 'महा'. या गमती सांगून मी स्वतःच सगळ्यांना हसवलं होतं. प्रशांतने विश्वास ठेवला. मंडळाच्या सचिवांनी ठेवला. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मशीनला नावं ठेवली, आणि आजकाल माणसाने कुणावर सगळं सोडू नये, असं एकमेकांना सांगितलं. मी मान हलवत होते.

आता सांगते. उगाच लांबवतेय मी.

मशीनने कापलं नव्हतं. मशीनने तो भाग अख्खा दिला होता — पाणी न पिण्यापासून माफीपर्यंत, मधल्या त्या लांब गप्प बसण्यासकट. कसं कळलं त्याला, कोण जाणे. पण दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे, हे त्याने बरोबर धरलं होतं. फक्त गुण कमी दिले होते. लांब होता, मध्ये कुणी बोलत नव्हतं. मी शेवटची कड बोटाने धरली आणि मागे ओढली. काकू थांबतात तिथपर्यंत. गुण वर गेले. हिंदी अक्षरं मी टाकली. वरचं शीर्षकही मीच लिहिलं, मशीनने सुचवलेलं साधं शीर्षक पुसून — 'बहू के हाथ का पानी नहीं पिया'.

का केलं? पुढचं लोक अख्ख्या व्हिडिओत पाहतील, असं तेव्हा मनाला सांगितलं होतं. पण ते मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. एका मोठ्या कोचिंगवाल्यांना मला माझं काम दाखवायचं होतं, आणि दाखवायला चाललेलं असं काहीच हातात नव्हतं. मला तो आकडा हवा होता. आणि तो चढायला लागला तेव्हा — हेही सांगून टाकते — मला आनंद झाला. पोळ्या लाटत होते, पिठाच्या हाताने मोबाईल पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. त्याच वेळी रामेश्वरी त्या चार जणींच्या मध्ये बसलेली असेल.

आणि माफी मागताना काकूंना मी समोर बसून ऐकलं होतं. कॅमेऱ्यामागे माझे डोळे भरून आले होते. मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रशांतबरोबर अभनपूरला गेले, लॅपटॉपवर पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन. अंगणात खाट होती, तिच्यावर ठेवून दाखवलं. रामेश्वरीचे वडील बाजूला उभे होते. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लोकांनी त्यांना थांबवून विचारलं होतं, मुलीला अशा घरी का दिलं म्हणून. रामेश्वरीने शेवटपर्यंत पाहिलं. एकदा मागे नेऊन शेवटचं वाक्य परत ऐकलं. मग आत गेली आणि मुलीचे कपडे भरायला लागली. आम्ही निघताना तिचे वडील मलाच समजावत होते, "मशीन के का दोस बेटी, ओला का पता." मशीनचा काय दोष, त्याला काय ठाऊक, म्हणून.

तिथे बोलता आलं असतं. मी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला.

रामेश्वरी परत आली, घर सावरलं. पण व्याह्यांच्या घरी तिचे वडील पुन्हा पाऊल ठेवत नाहीत. मोहल्ल्यात ऐकलेलं ते विसरू शकले नाहीत. मंडळाने आठवणींचं काम बंद केलं. काकूंचा अख्खा व्हिडिओ कधी चॅनेलवर आलाच नाही. तो तुकडा मी काढून टाकला, पण दुसऱ्यांच्या पेजेसवर तो अजून फिरतो आहे. आणि काकू — गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा त्या काकू — हळदीकुंकवात कोपऱ्यात बसून असतात. कुणी मोबाईल वर केला की उठून जातात. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "तुह्यावर राग नाही पोरी माहा. तू सोताच्या हातानं कापलं असतं, तर असं झालं नसतं."

मी त्यांच्या हातातून हात सोडवूनही घेतला नाही.

माझं काम वाढलंय. कोचिंगवाल्यांचंही मिळालं. ही बाई मशीनवर सोडत नाही, स्वतः बसून पाहते, असं लोक एकमेकांना सांगतात. काकूही सांगतात.

परवा रामेश्वरी आली होती. माहेरी धान कापून झालं की तिचे वडील नवा तांदूळ पाठवतात. लेकीच्या घरी स्वतः येत नाहीत, बसमधून पोतं पाठवतात, आणि त्यातून माझ्या वाट्याची पिशवी वेगळी बांधलेली असते. "बाबूजी कहे हैं, ओ नोनी ल घलो दे देबे," ती हसत म्हणाली. त्या मुलीलाही दे, म्हणून. मग म्हणाली, "दीदी, उस दिन आप नहीं आतीं, तो मैं लौटती नहीं."

मी तिला बस म्हटलं, चहा केला. ती गेल्यावर पिशवी सोडली आणि तांदूळ डब्यात भरला. संध्याकाळी त्याचाच भात लावला. सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला.