टिकाऊ हलवा

चहा आधी संपवून टाका. पुढचं ऐकल्यावर माझ्या हातचं काही पोटात घालायची तुमची हिंमत होईल असं मला वाटत नाही.

टीव्ही अजून गल्लीत एकाच घरी होता, तेव्हाची गोष्ट. मी संक्रांतीचे हलव्याचे दागिने करायची. नवी नवरी पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालते ते, साखरेचे. आणि तेही कुठे, तर जळगावात! जिथे दागिना म्हटलं की लोक आधी तोळे विचारतात. मला मात्र एवढंच विचारायचे, मुंग्या लागणार नाहीत ना?

लागायच्या हो. महिना महिना शेगडीपुढे बसून, परातीत साबुदाण्याचे दाणे बोटांनी फिरवत, चमचा चमचा पाक घालत हलव्याला काटा आणायचा. बोटांची सालटी निघायची. मग एकेक दाणा दोऱ्याने बांधून नथ, हार, बाजूबंद करायचे. आणि दुसऱ्या दिवशी काय उरायचं? दोरा. बाकी पोरं आणि मुंग्या मिळून संपवायच्या. सोनाराचं काम नातसुनेपर्यंत जातं, माझं सकाळपर्यंतही पोचत नव्हतं. मला फार वाईट वाटायचं त्याचं.

अशात एका वर्षी सावद्याहून ऑर्डर आली. केळीचे बागाईतदार, घरातली पहिली सून. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. मी जीव ओतून सेट केला. इतका सुंदर झाला, की हा कुणीतरी खाणार या विचाराने मलाच जेवण जाईना. त्याच आठवड्यात आमच्या दारांना व्हार्निश करून झालं होतं आणि डब्याच्या तळाशी थोडं उरलं होतं.

ओळखलंत ना? बारीक ब्रशने एकेका दाण्यावर हात फिरवला. काय चकाकी आली म्हणून सांगू! मुंगी जवळ यायची आणि परत फिरायची. मनाशी म्हटलं, एवढा देखणा दागिना कोण खातंय, बघतच राहतील. अक्कांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही, कारण ऑर्डर खायच्या हलव्याची होती.

संक्रांतीला एसटीने स्वतःच सेट घेऊन गेले. अक्कांनी हळदीकुंकवाला आग्रहाने थांबवून घेतलं. सुनेला सजवून पाटावर बसवलं. बायका वाकून वाकून बघत होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ताठ मानेने बसले होते.

तेवढ्यात अक्का उठल्या. त्यांच्या घरची रीत अशी, की हारातला पहिला दाणा सासूने तोडून सुनेच्या तोंडात घालायचा. हे मला कोण सांगणार? त्यांनी दाणा तोडला आणि मी ओरडले, "नको, खायचा नाही तो!"

अक्कांनी विचारलं, का नाही खायचा? व्हार्निश म्हणायची लाज वाटली, म्हणून थाप मारली, की दागिना अंगावर असताना खात नाहीत. अक्कांनी शांतपणे हार उतरवला. म्हटलं, तरीही आज खात नाहीत. मग उद्या? म्हटलं, उद्या तर किंक्रांत, उद्या मुळीच नको. बायकांत कुजबुज सुरू झाली. दोघीतिघी मागे सरकल्या. एक म्हातारी मीठमोहऱ्या आणायला आत गेली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना वाटत होतं, मी नव्या सुनेवर करणी केली आहे.

अक्कांनी तो दाणा माझ्यापुढे धरला. "तूच आनलं ना व माय? मंग तूच खाय बरं आधी."

खाल्ला. काय करणार? चावला तर कडकन वाजला. विरघळायचं नाव नाही. हसऱ्या चेहऱ्याने तो या गालातून त्या गालात फिरवत राहिले, डोळ्यांतून पाणी. शेवटी हातावर थुंकला आणि सगळं सांगून टाकलं. "अक्का, माझ्या हातचं काही उरतच नाही हो. एक तरी राहावं, म्हणून दाराचं व्हार्निश लावलं."

अक्कांनी हार उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता हाकलतात. पण आवाजही न चढवता म्हणाल्या, "बरं. मी ठेवते जपून."

आणि शब्द पाळला हो त्यांनी. अक्का गेल्या, ती सून आता स्वतः सासू झाली, तरी तो सेट त्यांच्या ओसरीवर काचेच्या पेटीत टांगलेला आहे. एक दाणा कमी, बाकी तस्साच चकचकीत. आल्यागेल्याला दाखवतात आणि माझं नावगाव सांगून वर बजावतात, की हिच्याकडून हलवा घेऊ नका.