एकाच भांगाची पोरं

मोरूभाऊच्या सलूनमध्ये दिवसभर कापलेले केस संध्याकाळी झाडून गोळा होतात आणि मागच्या उकिरड्यावर जातात. किस्से मात्र कोणी झाडत नाही. ते बाकाखाली, आरशामागे, तेलाच्या बाटल्यांमध्ये साचत राहतात. अड्याळच्या बाजारात मोरूभाऊचं सलून आणि माझा फोटो स्टुडिओ यांची भिंत एकच आहे, त्यामुळे माझ्याकडेही बरेच साचलेत. त्यातले निम्मे टकलाचे. हसू नका, मीही त्यातलाच आहे.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतल्या या गोष्टी. आम्ही पंचविशीच्या आसपास होतो. बापांच्या डोक्यावर रान आणि पोरांच्या डोक्यावर माळ, असं गावभर दिसायचं. पाण्यात काहीतरी आहे, असं म्हणून आम्ही दोष तलावावर टाकायचो.

* * *

मोरूभाऊची एक पद्धत होती. कटिंग झाली की तो एक लहान आरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचा. समोरच्या आरशात मागचं डोकं दिसायचं, गिऱ्हाईक मान हलवायचं, मग मोरूभाऊ कापड झटकायचा. दुपारी सलून रिकामं असलं की मी त्याच खुर्चीत जाऊन बसायचो. पंखा फिरायचा, रेडिओ बारीक आवाजात चालायचा, बाहेर पांढरं ऊन. डोळा लागायचा आणि स्वप्नात माझे केस खांद्यापर्यंत यायचे. जाग आली की पहिल्यांदा हात डोक्यावर जायचा.

आमचा दोस्त विलास आसगावच्या एका शाळेत क्लार्क होता. एका रविवारी त्याची कटिंग संपली. मोरूभाऊनं कापड झटकलं आणि म्हणाला, "झालं गा."

विलास उठेना. "आरसा?"

"कायले? मस्त झाली."

विलासनं हात मागं नेऊन डोकं चाचपलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मोरूभाऊनं आरसा नाही धरला. म्हंजे गेले."

तेव्हापासून कोणाचा आरसा बंद झाला यावरून कोणाचं कुठवर आलं ते आम्हाला कळू लागलं. माझा त्याच दिवाळीत बंद झाला.

विलासचं दुःख माझ्यापेक्षा मोठं होतं. त्याला लग्न करायचं होतं. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. तो म्हणायचा, "घरी गेलो का कोनीतरी विचाराले पाह्यजे, आज उशीर काहून झाला." आई विचारत नाही का, म्हटलं तर म्हणायचा, "आई दारात उभी राह्यते. विचारत नाही." पाच ठिकाणांहून नकार आला होता. केसांचं तोंडावर कोणी बोलायचं नाही. मुलगा जरा वयस्क वाटते, एवढाच निरोप यायचा.

* * *

उपाय सगळे झाले. विलासच्या आईनं बांधावरचा माका आणून तेलात उकळला. मग कांद्याच्या रसाची पाळी आली. महिनाभर त्याचे हेडमास्तर रोज ऑफिसात येऊन विचारायचे, "आज भजे कोनाकडं हायेत?"

मला कोणीतरी सांगितलं की एकदा तुळतुळीत करून टाक, नंतर दाट येतात. बाबा दोन दिवसांसाठी ताईकडे भंडाऱ्याला गेले होते. मी मोरूभाऊपुढे बसलो आणि डोकं, मिशी सगळं उतरवून बाजारातून निवांत घरी आलो. डोक्याला वारा लागत होता. फार हलकं वाटत होतं, जणू मी गावात राहतच नाही, वरून नुसता तरंगत चाललो आहे.

तासाभरात ओट्यावर आठ-दहा माणसं येऊन बसली.  मी चहा विचारला, तर सगळ्यांनी मान हलवून नको म्हटलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं. आमच्याकडे मिशीसकट डोकं उतरवलेला पोरगा दिसला की कोण गेलं, हे विचारायची गरज नसते. शेजारच्या काकूंनी येऊन आईच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. आई काहीच न समजता त्यांची पाठ थोपटत राहिली.

पाचच्या एसटीनं बाबा आले. पिशवी हातात, चालत दारापर्यंत पोचले. सगळे ताडकन उभे राहिले. बाबांनी आधी माझं डोकं पाहिलं, मग माणसं पाहिली. सगळ्यांत आधी त्यांनाच समजलं. पिशवी खाली ठेवून ते त्यांच्यातच बसले आणि म्हणाले, "बसा गा, उठता कायले. कोनकोन आलं ते तर पाहू द्या."

त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. पुढं कितीतरी दिवस ते गुपचूप ओट्यावर बसून हसायचे. माझे केस मात्र जेवढे गेले होते तेवढेच परत आले.

* * *

मग माझ्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला. विलास म्हणाला, "बायोडाटाच्या फोटोत केस लावता येते का?"

येत होते. केस कुठून आणायचे हाच प्रश्न होता. मोरूभाऊचे केस दाट, डावीकडे भांग, कपाळावर एक बारकी बट. मी त्याचा फोटो काढला आणि ते केस विलासच्या डोक्यावर बसवले. फोटो पाहून विलासची आई रडली. "हा माहा जुना विलास," म्हणाली. मला इतकं छान वाटलं की पुढच्या तीन महिन्यांत तेच केस मी आणखी सात पोरांना लावले. तोच भांग, तीच बट.

एक दिवस पवनीहून एक गृहस्थ आले. मुलीसाठी त्यांच्याकडे अड्याळचे तीन बायोडाटे आले होते. चौकशी सलूनमध्ये चांगली होते म्हणून ते सरळ मोरूभाऊकडे गेले आणि तिन्ही फोटो त्याच्यापुढे मांडले. "या पोरांले ओळखता का?"

मोरूभाऊनं कात्री थांबवली. फोटो पाहिले, मग आरशात स्वतःकडे पाहिलं.

"पोरं चांगली हायेत," तो म्हणाला. "केस माहे हायेत."

विलासचा तो सहावा नकार. तो माझ्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यानं एक निळी टोपी घेतली, समोर झडप असलेली, आणि ती डोक्यावरून काढेनासा झाला. मी त्या सगळ्या फायली कॉम्प्युटरमधून पुसून टाकल्या. लाज वाटली.

* * *

पावसाळ्यात तो मोटरसायकलवरून शाळेत जायचा. कोंढ्याच्या शिवारात दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पाण्यानं भरलेल्या, त्या पाण्यात अख्खं आभाळ उतरलेलं. तो म्हणायचा, तिथून जाताना गाडी ढगातून चालवून राहिलो असं वाटते. बायांची रोपांची रोवणी चाललेली असायची, गाणं पाण्यावरून लांबपर्यंत यायचं.

एका सकाळी असाच तो तंद्रीत होता, वारा आला आणि टोपी उडाली. थेट बांधीत, रोवणीच्या रांगेपुढे. गाणं थांबलं. वीस बाया आणि उघडं डोकं. विलास बांधावर उतरला, पण मान वर करायची हिंमत होईना. त्याला फक्त एक हात दिसला, कोपरापर्यंत चिखलाचा, मनगटात दोन हिरव्या बांगड्या. हातात टोपी. ती घेऊन त्यानं तशीच ओली डोक्यावर ठेवली आणि निघाला. मागं कोणी हसलं नाही, याचंच त्याला नवल वाटत राहिलं.

आईनं टोपी तीनदा धुतली. झडपेवरचा डाग गेला नाही.

* * *

धान निघाल्यावर कोंढ्याहून स्थळ आलं. त्यांचा निरोप होता, फोटो पाठवू नका, मुलगाच पाठवा. विलास मला म्हणाला, "हे शेवटचं. इथूनबी नाही आलं तर मी आता आईले कोनापुढं बसवत नाही."

मुलीचं नाव शालिनी. पोहे झाले, चहा झाला. विलासच्या आईनं वाटेत तीनदा बजावलं होतं की टोपी काढायची नाही. शालिनीचे वडील म्हणाले, दोघांना अंगणात बोलू द्या. सोबत म्हणून मी गेलो आणि कोंबड्यांकडे पाहत उभा राहिलो. कोवळं ऊन होतं, धानाच्या तणसाच्या ढिगाचा गोड वास येत होता. मला वाटत होतं, हे इथंच थांबावं, पुढं काही होऊच नये.

 विलासनं टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि मान खाली घालून म्हणाला, "आताच पाहून घ्या. मांगून नको."

शालिनीनं डोक्याकडे पाहिलंच नाही. तिनं त्याच्या हातातून टोपी घेतली, उलटी केली, सुलटी केली, झडपेवरून अंगठा फिरवला.

"चिखल निघालाच नाही वाटते," ती म्हणाली.