स्वामीजींचा रिकामा वाडगा

माझ्या हातून एक पाप घडलंय. हसू नका, खरंच पाप! एका संन्याशाला मी खायला घालून घालून आडवं केलंय. आणि तेही कुठल्या दिवशी? ज्या संध्याकाळी ते 'किती खावं आणि कुठे थांबावं' यावर बोलणार होते, त्याच दिवशी! तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतोय. नाहीतर आमच्या घरात यावर बोलायलाच बंदी आहे.

आधी माझा स्वभाव ऐका, म्हणजे तुम्हाला माझी थोडी तरी दया येईल. मी घोर लावून घेणारा माणूस. नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तरी कुलूप लावून खाली उतरलो की गॅस बंद आहे का बघायला परत वर जातो. रोज! न्हावा शेव्याला वीस वर्षं कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करतोय. एक सही राहिली तर अख्खा कंटेनर अडकतो, साहेबाचा फोन येतो, माझं बीपी वाढतं. त्यामुळे कुठे काही राहिलंय असं नुसतं वाटलं तरी मी दहादा तपासतो.

तर माझी बायको, सुनीता, सेक्टरात सकाळचा योगवर्ग घेते. तिने या स्वामीजींना बोलावलं. ते त्यांच्या परंपरेतले फिरते संन्यासी. गाडीत बसायचं नाही, गावोगाव पायी जायचं, एका गावी दोन रात्री आणि पुढे. साठीचे, काटक, सडपातळ. आसनं, ध्यान, झोप, सगळं घड्याळावर. खाणं दिवसातून एकदाच, सकाळी अकराला, स्वतःच्या लाकडी वाडग्यात. सूर्योदयापासून दुपारी चारपर्यंत मौन. आणि अर्धं पोट अन्न, पाव पोट पाणी, उरलेलं पाव मोकळं, हा नियम!

मी काय म्हणतो, इतकं सगळं नियमात चालतंय ना? मग पनवेलला यायची काय गरज होती?

सुनीता महिनाभर राबत होती. हॉल, खुर्च्या, माईक, बॅनर, सगळं एकटीने. तिचा हा पहिलाच कार्यक्रम. वर्गातल्याच दोघी-तिघी मागून म्हणत होत्या, 'हिला नाही जमणार.' ते तिच्या कानावर आलं होतं. एका रात्री ती मला म्हणाली, "अहो, हे नीट पार पडलं ना, तर मी कोणाला काही बोलणार नाही. पण फसलं तर मी वर्गच बंद करेन." तुम्ही सांगा, माझ्यासारख्या माणसाला हे सांगायचं असतं का? त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

स्वामीजी आदल्या संध्याकाळी आले. गव्हाणहून माझी आई दर्शनाला म्हणून दोन दिवस आधीच येऊन बसली होती. येताना पिशवी भरून वाल घेऊन आली होती. मोड आणून, सोलून, बिरडं करून तयार! सुनीताने तिला बजावलं, "आई, ते स्वामीजींना नाही हं. त्यांना हलकं लागतं."

"बरं बाय," आई म्हणाली. आईचं 'बरं' म्हणजे काय असतं, हे आम्ही दोघंही ओळखून होतो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सुनीताला हॉलवर जावं लागलं. माईकवाला आला होता. दारातून ती म्हणाली, "फुलके, दुधीची भाजी, मुगाचं वरण, भात, सगळं काढून ठेवलंय. नियमांचा कागद फ्रिजवर लावलाय, वाचा. आणि अहो, घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की मी घाबरतो.

कागद वाचला. पहिलं, जेवताना बोलू नये. दुसरं, स्वामीजी काही मागत नाहीत. तिसरं, काही नको म्हणत नाहीत. चौथं, वाडग्यात पडेल ते प्रसाद मानून संपवतात, एक शीतही टाकत नाहीत. त्याखाली विजेचं बिल लावलेलं होतं. मला वाटलं, कागद संपला.

आता मला सांगा, काही मागत नाही असा माणूस घरात जेवायला बसला तर यजमानाने काय समजायचं? लक्ष आपणच ठेवायचं! आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं असतं. पाहुणा ताटावर आडवा पडून 'नको, नको' म्हणाला तरी वाढायचं असतं. आणि हे तर नको म्हणणारेही नव्हते!

अकराच्या ठोक्याला स्वामीजी पाटावर बसले. सुनीताने काढलेलं सगळं मी वाडग्यात घातलं. त्यांनी ते कालवलं, डोळे मिटले आणि एकेक घास इतका चावला की बघून माझेच जबडे दुखले. वाडगा बोटाने निपटून स्वच्छ केला. मग माझ्याकडे बघून हात जोडले.

मीही हात जोडले. किती नम्र माणूस, असं वाटलं.

आई कानाशी पुटपुटली, "संपलं रं त्याचं. वाड."

"आई, एवढंच काढलंय."

"आपलं हाय ना? भात हाय, वरान हाय. संन्याशी मानूस, त्यो मागंल का?"

बरोबर होतं की! मी आमचा भात आणि वरण वाढलं. स्वामीजींनी वाडग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाल्लं, निपटलं आणि हात जोडले. या वेळी हात जरा वर, छातीपाशी.

मला घाम फुटला. वाडगा परत रिकामा! एवढासा माणूस आणि भूक केवढी! अहो, पायी चालतात ना. कालपासून पोटात काही नाही. आणि सुनीताने दोन फुलके काढले होते! संध्याकाळी हे भुकेने चक्कर येऊन माईकवर पडले तर?

"बिरडं दे," आई म्हणाली.

"सुनीता नको म्हणाली होती."

"सुनीता हाय का हितं?"

मी बिरडं वाढलं. आई तोवर तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली होती. एक झाली, दुसरी झाली. मी धावत आणतोय, स्वामीजी खाताहेत, वाडगा रिकामा होतोय, हात जोडले जाताहेत. छातीपाशी होते ते हात हनुवटीपाशी आले. चौथ्या भाकरीला कपाळापाशी गेले. दरवेळी मीही तितकेच वर हात जोडत होतो आणि वाढत होतो. पाचव्या भाकरीला स्वामीजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ, बघ!" आईने पदर डोळ्यांना लावला. "डोल्यात पानी आलं त्याच्या. किती दिसांचा उपाशी हाय बिचारा!"

आणि नेमकं पीठ संपलं.

माझं धाबं दणाणलं. घरात पोहे नाहीत, रवा नाही, सुनीता सगळं हॉलवर घेऊन गेलेली. दारात आलेला संन्यासी अर्धपोटी उठणार? माझ्या घरून? मी तसाच अनवाणी समोरच्या दारात गेलो. तिथे रुखसानाभाभी राहतात, मूळच्या आमच्या इकडच्याच कोकणी.

"भाभी, काही आहे का? शाकाहारी? आमचे पाहुणे भुकेले आहेत!"

"या अल्लाह! मेहमान भुका?" भाभींनी दुसरं काही विचारलंच नाही. "सांदण केलेत आताच. तांदूळ, गूळ, नारळाचं दूध. बाकी काही नाय त्यात. सगळे घेऊन जावा."

बारा सांदणं होती. चांगली तळहाताएवढी, वाफाळती. मी एकदम नाही वाढली हं, मला काय अक्कल नाही? दोन-दोन करून वाढली.

आठव्या सांदणाला स्वामीजी चावायचे थांबले. नुसते बसून राहिले, डोळे मिटून. ओठ हलत होते. आई म्हणाली, "मंतर मनतो वाटतं." आम्ही दोघांनी भक्तिभावाने मान खाली घातली. मग त्यांनी तो घास गिळला. गिळताना मान अशी पुढे केली, की मला आतून कुठेतरी वाटलं, काहीतरी चुकतंय. पण वाडगा रिकामा होता हो! रिकामा वाडगा समोर दिसत असताना मी थांबणार कसा?

मी नववं आणि दहावं घातलं, तेवढ्यात बाहेरून दार उघडलं. बॅनर विसरला म्हणून सुनीता परत आली होती.

तिने पाटाकडे पाहिलं. पातेली पाहिली, परात पाहिली, भाभींचा डबा पाहिला. स्वामीजींनी तिच्याकडे बघून दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोडले.

"अहो!" सुनीता किंचाळली. "ते पुरे म्हणताहेत!"

"कधी म्हणाले? ते तर बोलतच नाहीत!"

तिने मला फ्रिजपाशी ओढत नेलं आणि विजेचं बिल वर केलं. खाली पाचवा नियम होता. 'स्वामीजींनी हात जोडले की पुरे समजावे. त्यानंतर वाढू नये. वाढल्यास ते दात्याचा मान राखून खातात.'

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसलो.

त्यापुढचे तास कसे गेले, ते विचारू नका. स्वामीजी उठेनात. दोघांनी धरून उभं केलं. मग ते वज्रासनात बसले. मग डाव्या कुशीवर पडले. मग परत वज्रासन. मौन होतं, त्यामुळे कण्हतही नव्हते, आणि त्याचंच मला जास्त भय वाटत होतं. मी दर पाच मिनिटांनी दाराच्या फटीतून बघत होतो, पोट हलतंय ना! सुनीता बॅनर मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचे डोळे लाल झाले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती ना! तिने शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. आई तेवढी निवांत होती. म्हणाली, "जेवल्यावर सुस्ती येतेच."

चार वाजले. मौन सुटलं. मी आत जाऊन पायावर डोकं ठेवलं आणि रडायलाच लागलो. "स्वामीजी, चुकलं माझं!"

"उठा," स्वामीजी हळूच म्हणाले. "मला तुम्हाला उठवायला वाकता येत नाहीये."

"आजचा कार्यक्रम रद्द करू का?" सुनीताने दारातून विचारलं.

"रद्द कशाला? मला फक्त खाली उतरवा. आणि तिथे कोणी नाश्ता ठेवला असेल तर तो झाकून ठेवा."

तीन मजले उतरायला आम्हाला अर्धा तास लागला. एकेका पायरीवर ते थांबायचे, लांब श्वास घ्यायचे. हॉल भरला होता. दोनशे माणसं तरी असतील. त्या दोघी-तिघी दुसऱ्या रांगेत बसून घड्याळ बघत होत्या. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. मी मागे खांबाआड. म्हटलं, एवढी वेळ निभू दे, उद्यापासून दोनदा काय, चारदा गॅस बघेन.

स्वामीजी खुर्चीत बसले. एरवी ते जमिनीवर बसतात म्हणे. माईक जवळ ओढला.

"अठ्ठावीस वर्षं मी चालतोय," ते म्हणाले. "भूक जिंकली. झोप जिंकली. रागही बऱ्यापैकी जिंकला. मला वाटत होतं, आता काही राहिलं नाही. आज कळलं, पनवेल राहिलं होतं."

अख्खा हॉल हसला! मग त्यांनी सगळं सांगितलं, फुलक्यापासून सांदणापर्यंत. स्वतःवरच हसत सांगितलं. म्हणाले, "खाणाऱ्याने कुठे थांबावं, हे आमच्या परंपरेत शिकवतात. पण खाऊ घालणाराही प्रेमाने घाबरलेला असतो. त्याला 'पुरे' म्हणून सांगायचं धैर्यही संयमातच येतं. ते मला आज झालं नाही. मी दात्याचा मान राखत बसलो. चूक माझी."

लोक डोळे पुसत हसत होते, आणि ऐकतही होते. दुसऱ्या रांगेतली एक बाई चक्क वहीत लिहून घेत होती. सुनीताचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा फुलला. मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू! वाचलो! बायकोचा कार्यक्रम झाला, आणि माझं नावही कुठे आलं नाही.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "स्वामीजी, हे कोणाच्या घरी झालं?"

"दात्याचं नाव आम्ही घेत नाही," स्वामीजी म्हणाले. देवमाणूस हो! मी खांबाआडूनच नमस्कार केला.

आणि पहिल्या रांगेत आई उभी राहिली.

"आमच्या घरी!" ती अभिमानाने म्हणाली. "ह्यो काय, खांबामागं हाय, ह्यो माझा पोरगा वाडत होता! ये रं, पुडं ये, लोकांना दिसू दे!"

दोनशे माना वळल्या. काय करणार? आलो पुढे. हॉल असा हसला, असा हसला की माईकवाल्याने आवाज कमी केला. आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हे हसणं काही कौतुकाचं नाही, एवढं तिच्या लक्षात आलं.

मग तिने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी मनत होते त्याला, बस कर रं आता, मरंल त्यो मानूस! पन हा माझं आयकल तर ना!"